पृथ्वीचा एक अंश मोजायला अँडीज पर्वतात

मित्रांनो, तुमची नकाशाची वही उघडा आणि दक्षिण अमेरिकेचा नकाशा समोर घ्या. खंडाच्या पश्चिम काठाने, समुद्राला अगदी लागून, तपकिरी रंगाचा एक लांबच लांब पट्टा उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलेला दिसेल. हा अँडीज पर्वत. आता विषुववृत्ताची रेघ शोधा. ती रेघ अँडीजला जिथे ओलांडते तिथे क्विटो हे शहर आहे. इक्वेडोर देशाची ही राजधानी. इक्वेडोर या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी 'विषुववृत्त' असा आहे.

या लेखात आपल्याला नकाशावर बोट ठेवून एक प्रवास करायचा आहे. १७३५ साली फ्रान्सहून काही शास्त्रज्ञ निघाले आणि कार्ताहेना, क्विटो, कुएन्का अशी स्पॅनिश अमलाखालची शहरे, अँडीजची हिमशिखरे आणि शेवटी ॲमेझॉनचे अरण्य पार करून नऊ-दहा वर्षांनी परतले. ते सोने शोधायला गेले नव्हते, की प्रदेश जिंकायला गेले नव्हते. पृथ्वीच्या पाठीवरचा एक अंश किती लांब असतो, एवढेच त्यांना मोजायचे होते. एवढ्याशा कामासाठी इतक्या दूर का जायचे? आणि त्याला इतकी वर्षे का लागावीत? याचे उत्तर समजण्यासाठी आधी थोडे मागे जाऊ या.

मागे पडणारे घड्याळ

१६७२ साली झाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कायेन या गावी गेला. कायेन विषुववृत्तापासून फक्त ५ अंश उत्तरेला आहे. मंगळाचे वेध घेणे हे त्याचे मुख्य काम. त्यासाठी वेळ अचूक कळायला हवी, म्हणून त्याच्याजवळ लंबकाचे घड्याळ होते. पॅरिसमध्ये सेकंदाला एक आंदोलन देणारा लंबक कायेनला मात्र मंद चाले. घड्याळ रोज दोन मिनिटांहून अधिक मागे पडे. ते बरोबर चालावे म्हणून लंबकाची लांबी जवळजवळ ३ मिलिमीटरने कमी करावी लागली.

तुम्ही म्हणाल, कायेन उष्ण प्रदेशात आहे. उष्णतेने लंबकाचा दांडा प्रसरण पावला असेल. शंका चांगली आहे, पण हिशेब करून पाहा. सेकंदाचा ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी जवळजवळ १ मीटर असते. एवढा लोखंडी दांडा २० अंश सेल्सिअसने तापवला तरी तो फक्त पाव मिलिमीटर वाढतो. इथे तर फरक त्याच्या दहापटीहून अधिक होता. तेव्हा कारण दुसरेच असले पाहिजे.

लंबकाचा आंदोलनकाळ दोन गोष्टींवर अवलंबून असतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. एक लंबकाची लांबी आणि दुसरी गुरुत्वीय त्वरण. लांबी जवळजवळ तीच असताना लंबक मंद झाला, म्हणजे विषुववृत्ताजवळ गुरुत्व कमी आहे असा निष्कर्ष निघतो.

संत्रे की अंडे?

१६८७ साली न्यूटनने आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात याचे स्पष्टीकरण दिले. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावरचा माणूस २४ तासांत सुमारे ४०,००० किलोमीटरची फेरी मारतो, म्हणजे तासाला जवळजवळ १,६७० किलोमीटर वेगाने जातो. ध्रुवावरचा माणूस मात्र जागच्या जागी गिरकी घेतो. फिरण्यामुळे विषुववृत्तावर गुरुत्वाचा काही भाग खर्ची पडतो. शिवाय त्याच कारणाने पृथ्वी कमरेशी फुगलेली आणि ध्रुवांशी चपटी, संत्र्यासारखी असली पाहिजे. मग विषुववृत्तावरचा माणूस पृथ्वीच्या केंद्रापासून अधिक दूर जातो आणि गुरुत्व आणखी थोडे घटते.

हे सर्वांना पटले असे मात्र नाही. पॅरिसच्या वेधशाळेचे प्रमुख असलेल्या कासीनी घराण्याने फ्रान्सच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत प्रत्यक्ष मोजणी केली होती. झाक कासीनीने १७१८ साली तिचे निष्कर्ष मांडले. त्यांनुसार पृथ्वी ध्रुवांच्या दिशेने लांबट, उभ्या ठेवलेल्या अंड्यासारखी ठरत होती. एका बाजूला न्यूटनचे गणित, दुसऱ्या बाजूला कासीनीची मोजणी. कोणाचे खरे मानायचे?

हा वाद नुसता हट्टाचा नव्हता. समुद्रावरचे खलाशी ताऱ्यांचे वेध घेऊन आपण किती अंशांवर आहोत हे ठरवत. पण अंशांचे अंतरात रूपांतर करायचे तर प्रत्येक अक्षांशावर एक अंश किती लांब हे ठाऊक हवे. ते चुकले तर नकाशा चुकतो, आणि नकाशा चुकला की जहाज खडकावर जाते.

अंश मोजायचा म्हणजे काय?

गवंड्याचा ओळंबा तुम्ही पाहिला असेल. दोरीला बांधलेले वजन सरळ खाली लोंबते आणि 'खाली' कोणती दिशा ते दाखवते. आता असे समजा, की एका ठिकाणी ओळंब्याच्या बरोबर वरच्या दिशेला, म्हणजे खमध्यावर, एक तारा आहे. तुम्ही सरळ उत्तरेला चालू लागलात की तो तारा हळूहळू खमध्यापासून दक्षिणेकडे सरकू लागेल. तारा काही हललेला नसतो. पृथ्वीची पाठ वाकलेली असल्यामुळे तुमचा ओळंबा कललेला असतो. तारा बरोबर १ अंशाने सरकेपर्यंत तुम्ही जितके चाललात, ती झाली तिथल्या एका अंशाची लांबी.

आता एक छोटा प्रयोग करा. कंपासने ५ सेंटिमीटर त्रिज्येचे एक व १० सेंटिमीटर त्रिज्येचे एक अशी दोन वर्तुळे काढा. दोन्हींच्या केंद्राशी ३० अंशांचा कोन आखा आणि त्याच्या समोरचा कंस दोरा ठेवून मोजा. लहान वर्तुळात कंस २.६ सेंटिमीटर भरेल, मोठ्यात ५.२ सेंटिमीटर. मोठ्या वर्तुळाचा कंस अधिक सपाट असतो, म्हणून तेवढाच कोन वळायला अधिक चालावे लागते.

हीच गोष्ट पृथ्वीला लावा. ध्रुवांजवळ ती चपटी असेल तर तिथली पाठ अधिक सपाट, म्हणून तिथला अंश लांब आणि विषुववृत्तावरचा आखूड. पृथ्वी अंड्यासारखी असेल तर याच्या नेमके उलट. फ्रान्सच्या दोन टोकांच्या अंशांमधला फरक इतका थोडा होता, की तो उपकरणांच्या चुकांत बुडून जाई. निकाल लागायचा तर एक मोजणी विषुववृत्तावर आणि दुसरी ध्रुवाजवळ व्हायला हवी होती. म्हणून पॅरिसच्या विज्ञान अकादमीने दोन मोहिमा पाठवल्या. एक अँडीजमध्ये आणि दुसरी युरोपच्या उत्तरेस लापलँडमध्ये.

कार्ताहेना ते क्विटो

अँडीजची मोहीम मे १७३५ मध्ये फ्रान्सच्या ला रोशेल बंदरातून निघाली. तिचा प्रमुख लुई गोदँ. त्याच्याबरोबर पिएर बूगे हा गणिती, ला काँदामीन हा उत्साही प्रवासी शास्त्रज्ञ, झोझेफ द झ्यूस्य हा वनस्पतिशास्त्रज्ञ, शिवाय शल्यवैद्य, चित्रकार आणि उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर अशी मंडळी होती. हा सारा मुलूख तेव्हा स्पेनच्या ताब्यात असल्याने स्पेनच्या राजाची परवानगी घ्यावी लागली. ती मिळाली, पण दोन स्पॅनिश नौदल अधिकारी सोबत घ्यावेत या अटीवर. होर्हे ह्वान आणि आन्तोनिओ दे उलोआ ही त्यांची नावे. दोघेही अगदी तरुण होते. फ्रेंचांवर नजर ठेवायला आलेले हे दोघे पुढे उत्तम मोजणीदार ठरले.

कॅरिबियन समुद्राच्या काठी, आजच्या कोलंबिया देशात कार्ताहेना हे तटबंदीचे बंदर आहे. तिथे नोव्हेंबर १७३५ मध्ये ही सर्व मंडळी एकत्र आली. पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून ती पॅसिफिक महासागराच्या बाजूला गेली आणि मार्च १७३६ मध्ये आजच्या इक्वेडोरच्या किनाऱ्यावर पोचली. बहुतेक जण ग्वायाकिल बंदरावरून खेचरांच्या पाठीवर सामान लादून डोंगर चढले. ला काँदामीनने मात्र एस्मेराल्दासच्या दाट अरण्यातली अवघड वाट धरली. या भागाचा जाणकार पेद्रो मालदोनादो याच्याशी त्याची इथेच मैत्री जमली. मालदोनादो मूळचा अँडीजमधल्या रिओबांबा गावचा. त्याने पुढे या प्रदेशाचा उत्तम नकाशा तयार केला.

१७३६ च्या मध्यापर्यंत सगळे क्विटोला पोचले. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे विषुववृत्तापासून पंचवीसेक किलोमीटरवर असूनही तिथली हवा थंड. स्पॅनिश लोकांनी बांधलेली तिथली चर्चे, मठ आणि चौक आजही उभे आहेत. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारशाची पहिली यादी केली तेव्हा तिच्यात क्विटोचे नाव होते.

यारुकीचे पठार

आता प्रश्न असा, की डोंगरदऱ्यांतून शेकडो किलोमीटरचे अंतर मोजायचे कसे? साखळी किंवा काठी टाकत जाणे अशक्य. इथे भूमिती मदतीला येते. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन ठाऊक असले की उरलेल्या दोन बाजू गणिताने काढता येतात. त्यांपैकी एक बाजू पायाला धरून पुढचा त्रिकोण, मग त्याच्या पुढचा, अशी त्रिकोणांची साखळी डोंगरमाथ्यांवरून नेता येते. जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची फक्त पहिली बाजू. पण ती चुकली तर सगळी साखळीच चुकणार!

ही पायारेषा त्यांनी क्विटोच्या पूर्वेला यारुकीच्या पठारावर आखली. लांबी सुमारे १२ किलोमीटर. साडेसहा मीटरचे लाकडी दांडे एकापुढे एक ठेवत ती मोजायची. म्हणजे दांडा जवळजवळ १,९०० वेळा उचलून पुढे मांडायचा, प्रत्येक वेळी तो समतल आहे की नाही हे पाहायचे आणि टोकाला टोक अलगद भिडवायचे. दिवसा कडक ऊन, धुळीची वावटळ आणि रात्री थंडी. शिवाय दोन तुकड्या केल्या होत्या. एक या टोकाकडून निघाली, दुसरी त्या टोकाकडून. सुमारे महिनाभराने दोघींची उत्तरे ताडून पाहिली, तेव्हा १२ किलोमीटरमध्ये फरक निघाला अवघ्या काही इंचांचा!

या यशाला दुःखाची किनारही होती. मोहिमेतला कूप्ले नावाचा तरुण मदतनीस काम सुरू होता होताच तापाने दगावला.

यारुकीच्या त्याच पठारी भागात आज क्विटोचा विमानतळ आहे. तो २०१३ साली सुरू झाला. डोंगराळ मुलखात सपाट जागेची गरज विमानांनाही तेवढीच असते.

ढगांतले तंबू

पायारेषा झाली, आता कोन मोजायचे. त्यासाठी एका शिखरावरून दुसऱ्या शिखरावरची खूण दुर्बिणीतून दिसायला हवी. अँडीजच्या या भागात पर्वताच्या दोन समांतर रांगा आहेत आणि मधून दरी गेली आहे. दोन्ही रांगांवर आलटून पालटून खुणा उभ्या केल्या की त्रिकोण आपोआप तयार होतात. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात काय झाले ते पिचिंचा पर्वतावर पाहा.

पिचिंचा हा क्विटोच्या उशालाच असलेला ज्वालामुखी. त्याच्या एका शिखरावर, सुमारे ४,७०० मीटर उंचीवर, बूगे, ला काँदामीन आणि उलोआ यांनी १७३७ साली एक झोपडी बांधली आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ तिच्यात काढला. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच अधिक असतो. वायुभारमापकातला पारा ७६ सेंटिमीटरऐवजी ४३ सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. चार पावले चढली तरी धाप लागते. पाणी ८५ अंशांच्या आतच उकळते. त्यामुळे आपली तुरीची डाळ तिथे उघड्या पातेल्यात तासन्तास ठेवली तरी धड शिजणार नाही. उलोआने लिहून ठेवले आहे, की ताटातले अन्न गोठू नये म्हणून निखाऱ्यांचे भांडे जवळ ठेवून जेवावे लागे आणि ओठ इतके फुटत, की बोलताना रक्त येई.

आणि एवढे सोसून हाती काय? ढग! दिवसचे दिवस शिखर ढगात बुडालेले असे. समोरची खूण क्षणभर दिसे आणि कोन वाचायच्या आत पुन्हा झाकली जाई. शेवटी खुणा थोड्या खालच्या उंचीवर आणाव्या लागल्या. कधी वादळ खुणा पाडी, तर कधी कोणी त्यांची लाकडे आणि दोर काढून नेई. जड उपकरणे या साऱ्या शिखरांवर चढवण्याचे काम डोंगरातल्या मूळ रहिवाशांनी केले. त्यांच्याशिवाय एकही त्रिकोण पुरा झाला नसता. पण त्यांची नावे इतिहासात राहिली नाहीत.

अशा रीतीने तिसाहून अधिक त्रिकोण जोडत ही साखळी १७३९ साली दक्षिणेला कुएन्का शहराजवळ पोचली. तिथे तार्कीच्या मैदानावर शेवटच्या त्रिकोणाची एक बाजू पुन्हा दांडे ठेवून प्रत्यक्ष मोजण्यात आली. गणिताने आलेली लांबी आणि जमिनीवर मोजलेली लांबी यांत फरक आला एक-दोन मीटरांचा. शेकडो किलोमीटरची साखळी शाबूत होती! परंतु याच कुएन्का शहरात मोहिमेचा शल्यवैद्य सेनिएर्ग स्थानिक भांडणात सापडला आणि बैलांच्या झुंजीच्या वेळी जमावाच्या हल्ल्यात प्राणाला मुकला.

उत्तर तर आले!

अँडीजमधले काम ऐन भरात असतानाच युरोपातून बातमी आली. लापलँडला गेलेली दुसरी मोहीम १७३७ सालीच परतली होती. तिचा प्रमुख मोपेर्त्वी. तापमापकामुळे ज्याचे नाव आपण रोज घेतो तो सेल्सिअसही तिच्यात होता. उत्तरेकडचा अंश फ्रान्समधल्या अंशापेक्षा लांब भरला होता. म्हणजे पृथ्वी ध्रुवांशी चपटी, न्यूटन बरोबर!

आता विचार करा. ज्या प्रश्नासाठी तुम्ही घरदार सोडून आलात, त्याचे उत्तर दुसऱ्याच कोणी दिले आहे. तुमचे काम अर्धेच झाले आहे, पैसे संपत आले आहेत, सोबत्यांत मतभेद आहेत. अशा वेळी तुम्ही काय कराल? परत जाल?

ते परत गेले नाहीत. कारण 'पृथ्वी चपटी आहे' एवढेच कळणे पुरेसे नव्हते. ती नेमकी किती चपटी हे सांगायला विषुववृत्तावरचा अंश हवाच होता. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. एकाच मोजणीवर विसंबणे धोक्याचे असते. लापलँडचे काम जेमतेम वर्षभरात उरकलेले होते आणि मोजलेला कंस होता सुमारे एका अंशाचाच. कासीनीची मोजणी चुकू शकते, तर मोपेर्त्वीची का नाही?

मृगाचा मधला तारा

जमिनीवरचे अंतर मिळाले होते. आता आकाशातला कोन हवा होता. साखळीच्या दोन्ही टोकांवरून एकाच ताऱ्याचे खमध्यापासूनचे अंतर मोजायचे. त्यासाठी त्यांनी निवडलेला तारा तुमच्या ओळखीचा आहे. मृग नक्षत्रात ओळीने असलेले तीन तारे, ज्यांना आपण व्याधाने मारलेला बाण म्हणतो, त्यांतला मधला तारा! तो आकाशातल्या विषुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे क्विटोच्या परिसरात जवळजवळ डोक्यावरून जातो. खमध्याजवळच्या ताऱ्यावर वातावरणातील वक्रीभवनाचा परिणाम फार थोडा होतो.

पण इथे चूक परवडणारी नव्हती. १ अंश म्हणजे ६० कलामिनिटे, १ मिनिट म्हणजे ६० विकला. अंशाची लांबी सुमारे ११० किलोमीटर धरली, तर एका विकलेला जमिनीवर सुमारे ३० मीटर पडतात. केस कित्येक मीटर दूर धरला तर त्याची जाडी दिसते, तेवढा हा कोन! १७३९-४० मध्ये घेतलेले वेध ताडून पाहिले, तर ते एकमेकांशी जुळेनात. उपकरणाची लांब दुर्बीण किंचित वाकत होती. शिवाय पृथ्वीच्या गतीमुळे तारे वर्षभरात थोडे जागा बदलल्यासारखे दिसतात, हे इंग्लंडच्या ब्रॅडलीने १७२९ साली दाखवले होते. आज एका टोकाला वेध घेतला आणि काही महिन्यांनी दुसऱ्या टोकाला, तर मधल्या काळात ताराच सरकलेला असायचा.

यावरचा उपाय पाहा. १७४२ च्या अखेरीस बूगे उत्तर टोकाला कोचास्की येथे आणि ला काँदामीन दक्षिण टोकाला तार्की येथे जाऊन बसला. दोघांनी एकाच रात्री एकाच ताऱ्याचे वेध घ्यायचे! तारा आपल्या जागेवरून कितीही हललेला असो, तो दोघांना सारखाच हललेला दिसणार. दोन वेधांची वजाबाकी केली की ती चूक आपोआप जाते. अशा जुळत्या रात्री मिळण्यासाठी जानेवारी १७४३ पर्यंत वाट पाहावी लागली. मग कोन मिळाला: ३ अंश ७ मिनिटे, म्हणजे सुमारे ३.१२ अंश. साखळीची लांबी होती सुमारे ३४५ किलोमीटर. भागाकार तुम्हीच करा. त्यात उंचीची दुरुस्ती करून बूगेने एका अंशाची लांबी काढली ५६,७५३ त्वाझ. त्वाझ हे जुने फ्रेंच माप, सुमारे १.९४९ मीटरचे, म्हणजे अंश झाला ११०.६ किलोमीटर. गोदँ आणि ह्वान यांनी वेगळी साखळी मोजली होती. ह्वानचे उत्तर बूगेच्या उत्तरापासून फक्त तीसेक मीटर दूर होते.

चिंबोरासोचा ओळंबा

ओळंबा नेहमी सरळ खालीच लोंबतो का? न्यूटनचे गुरुत्वाकर्षण खरे असेल, तर शेजारच्या प्रचंड पर्वतानेही त्याला थोडे आपल्याकडे ओढले पाहिजे. बूगेने १७३८ साली चिंबोरासो या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या उतारावर जाऊन हे तपासले. ओळंबा खरेच कलला होता, पण काही विकलाच. अपेक्षेहून पुष्कळ कमी. पर्वताच्या ओढीची ही पहिली चाचणी. १७७४ साली स्कॉटलंडमध्ये मॅस्केलीनने हा प्रयोग अधिक अचूकपणे केला आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढण्यात आली. पर्वत अपेक्षेहून कमी का ओढतो, हे कोडे पुढे हिमालयाजवळच्या मोजणीत आपल्या देशातही पुढे आले. पर्वताखाली खोलवर हलक्या खडकाची मुळे असतात, असे त्याचे उत्तर १८५५ साली एअरीने सुचवले.

बूगेने समुद्रकाठी, क्विटोला आणि पिचिंचावर लंबकही हलवून पाहिला. उंचीबरोबर गुरुत्व घटते हे दिसलेच. पण नुसत्या उंचीने जेवढे घटावे त्याहून ते थोडे कमी घटले, कारण पायाखालचा अँडीजचा खडक स्वतःही ओढत होता. गुरुत्वाच्या मोजणीत ही जी दुरुस्ती करतात, तिला आजही बूगेचेच नाव आहे.

अरण्यातून परतीची वाट

काम संपल्यावर बूगे कार्ताहेनाकडे गेला. ला काँदामीनने मात्र मे १७४३ मध्ये पूर्वेची दिशा धरली. नकाशावर कुएन्काच्या दक्षिणेला लोहा गाव शोधा. या भागात सिंकोना वृक्ष होतात. याच्या सालीपासून हिवतापाचे औषध मिळते. आपल्याकडे जुनी माणसे ज्याला कोयनेल म्हणत ते क्विनीन १८२० साली या सालीतूनच वेगळे करण्यात आले. ला काँदामीनने आधीच्या एका फेरीत या झाडाचे वर्णन करून ते पॅरिसला पाठवले होते. झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबराचे नमुनेही त्याने पाठवले होते.

लोह्यावरून पर्वत उतरून तो मारान्यॉन नदीवर आला. ॲमेझॉनचा हा वरचा भाग. पोंगो दे मान्सेरिचे या अरुंद घळईत सगळी नदी दोन कड्यांच्या मधून घुसते. ती त्याने तराफ्यावरून पार केली. पलीकडे डोंगर संपले आणि अरण्य सुरू झाले. पुढे मालदोनादो त्याला येऊन मिळाला. वाटेत होकायंत्राने दिशा, पाण्याचा वेग आणि सूर्यताऱ्यांवरून अक्षांश टिपत त्यांनी नदीचा नकाशा आखला. नापो नदीच्या मुखाशी जुलै १७४३ च्या अखेरच्या रात्री गुरूचा एक उपग्रह ग्रहणातून बाहेर येताना पाहून ला काँदामीनने तिथले रेखांशही काढले. हा उपग्रह पॅरिसच्या वेळेनुसार केव्हा बाहेर येतो हे कोष्टकातून कळे; स्थानिक वेळेशी त्याची तुलना केली की रेखांश मिळतात. सप्टेंबरमध्ये ते नदीच्या मुखाजवळच्या पारा, म्हणजे आजच्या बेलेम शहरी पोचले. तिथून ला काँदामीन गेला कायेनला, जिथे रिशेचे घड्याळ मागे पडले होते. तिथे त्याने लंबकाचा तो प्रयोग पुन्हा केला. १७४५ च्या आरंभी तो पॅरिसला परतला. वनस्पतिशास्त्रज्ञ झ्यूस्य मात्र थेट १७७१ साली परतला, तोही आजारी आणि स्मृती हरवलेला.

शेवटचा हिशेब

एवढ्या कष्टांनी काय साधले? १८०१ ते १८०३ या काळात स्वीडनच्या स्वानबर्गने लापलँडचा अंश पुन्हा मोजला. मोपेर्त्वीचा अंश जवळजवळ २०० त्वाझने, म्हणजे सुमारे ४०० मीटरनी, जास्त निघाला. पृथ्वी चपटी हे त्याचे म्हणणे खरे होते, पण किती चपटी हे चुकले होते. नऊ वर्षे घालवून केलेली अँडीजची मोजणी मात्र टिकली. आज कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने मिळालेली विषुववृत्तावरील अंशाची लांबी ११०.५७ किलोमीटर आहे. बूगेचे उत्तर तिच्यापासून शंभर मीटरसुद्धा दूर नाही! मोहिमेने नेलेला लोखंडी त्वाझ पुढे फ्रान्सचे प्रमाण-माप झाला, आणि १७९० नंतर मीटर ठरवण्यासाठी झालेल्या मोजणीत लांबीचा आधार तोच होता.

आज आपल्याला ठाऊक आहे, की पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवीय त्रिज्या ६,३५७ किलोमीटर आहे. फरक सुमारे २१ किलोमीटरचा. याचा एक मजेदार परिणाम सांगतो. समुद्रसपाटीपासून मोजले तर एव्हरेस्ट ८,८४९ मीटर उंच आणि चिंबोरासो फक्त ६,२६३ मीटर. पण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजले तर? एव्हरेस्टचे टोक सुमारे ६,३८२ किलोमीटरवर येते आणि चिंबोरासोचे ६,३८४ किलोमीटरवर. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूर असलेली जमीन म्हणजे चिंबोरासोचे शिखर! बूगे आणि ला काँदामीन ज्या फुगवट्याचे माप घ्यायला आले होते, त्या फुगवट्यावरच हा पर्वत उभा आहे.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लंबक असेल. त्याची लांबी आणि ५० आंदोलनांना लागणारा वेळ मोजून गुरुत्वीय त्वरण काढा. मग तोच प्रयोग आणखी दोन मित्रांना स्वतंत्रपणे करायला सांगा आणि तिघांची उत्तरे शेजारी शेजारी लिहा. ती जुळली नाहीत तर सरासरी काढून मोकळे होऊ नका. का जुळली नाहीत ते शोधा. आणि हिवाळ्यात संध्याकाळनंतर मृग नक्षत्र पूर्वेला वर आले, की बाणातला मधला तारा ओळखून ठेवा.